वैद्याचा विषाद

महामारीच्या काळात जो वैद्य रोग्यांच्या सेवेत अहोरात्र राबला, त्याचे मन त्या सेवेतच खचले, त्याची निद्रा नाहीशी झाली आणि रोग्याच्या खाटेपाशी जाण्याचेही त्याला भय वाटू लागले, तर तो स्वधर्मापासून ढळला असे म्हणावे काय? हा प्रश्न वरवर पाहता वैद्यकशास्त्राचा वाटतो. परंतु थोडा विचार केल्यास तो धर्माधर्मनिर्णयाचा प्रश्न आहे, हे वाचकांच्या ध्यानी येईल. कर्तव्य आणि शक्ती यांची सांगड कोठवर घालावी, एकाच्या त्यागावर दुसऱ्याने किती हक्क सांगावा, आणि खचलेल्या मनुष्यास उपदेश करण्याचा अधिकार कोणाचा, हे तिन्ही प्रश्न त्याच्या पोटात दडलेले आहेत.

२०२० सालच्या मार्च महिन्यात जागतिक आरोग्य संघटनेने कोविडला महामारी म्हणून घोषित केले. त्याच महिन्याच्या २२ तारखेस सायंकाळी देशभर लोकांनी दारांत व सज्ज्यांत उभे राहून टाळ्या व थाळ्या वाजविल्या. पुढे ३ मे रोजी सेनादलांच्या हेलिकॉप्टरांनी रुग्णालयांवर पुष्पवृष्टी केली. डॉक्टरांना 'कोरोना योद्धे' अशी पदवी मिळाली. याच आठवड्यांत कित्येक डॉक्टरांना व परिचारिकांना घरमालकांनी भाड्याच्या खोल्या सोडावयास सांगितले, आणि चेन्नईत या रोगाने मृत्यू पावलेल्या एका डॉक्टरच्या दफनासाठी गेलेल्या सहकाऱ्यांवर जमावाने हल्ला केला. अखेर २२ एप्रिल २०२० रोजी सरकारला वटहुकूम काढून १८९७ सालच्या साथरोग कायद्यात दुरुस्ती करावी लागली व वैद्यकीय सेवकांवरील हल्ला हा दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा ठरवावा लागला. हा मूळ कायदा मुंबईतील प्लेगच्या साथीमुळे झालेला होता. सव्वाशे वर्षांनी त्याच कायद्याला वैद्यांच्या संरक्षणाची तरतूद जोडावी लागावी, यावरून त्या फुलांचे मोल काय होते ते कळते.

उपमा देणाऱ्याने उपमानाचे सर्वच धर्म पत्करले पाहिजेत, असा काही साहित्यशास्त्राचा नियम नाही. 'चंद्रमुखी' म्हटले म्हणून कोणी मुखावर डाग शोधू नये. तथापि वैद्याला योद्धा म्हणावयाचे आणि त्यातील फक्त मरणाची तयारी तेवढी उचलावयाची, हे न्याय्य नव्हे. योद्ध्याला शस्त्र द्यावे लागते, वेतन द्यावे लागते, विश्रांती द्यावी लागते. आणि आपल्या परंपरेत तर सर्वश्रेष्ठ योद्ध्याची कथा त्याच्या विषादापासूनच सुरू होते. तिकडे वळण्यापूर्वी या वैद्यांचे काम प्रत्यक्षात कसे होते, ते पाहिले पाहिजे. कारण कर्माचे स्वरूप न पाहता कर्त्याविषयी मत बनविणे हा आपल्याकडील जुना दोष आहे.

पीपीई किट नावाचा तो पोशाख एकदा चढविला की पाळी संपेपर्यंत, म्हणजे सामान्यतः सहा तास व प्रसंगी त्याहूनही अधिक, पाणी पिता येत नसे आणि लघुशंकेस जाता येत नसे. मुंबईच्या मे महिन्यात आतील कपडे घामाने निथळत, चष्म्यावर वाफ धरे, नाकावर मुखपट्टीचे व्रण उठत. सर्वांचे वेष सारखेच असल्यामुळे छातीवर वा पाठीवर शाईने नाव लिहावे लागे. रोग्याला आपल्या वैद्याचा चेहरा अखेरपर्यंत दिसतच नसे. मुंबईतील नायर रुग्णालय २०२० साली कोविडच्या रोग्यांसाठी राखून ठेवण्यात आले होते. अशा रुग्णालयांत अस्थिरोग, त्वचारोग, नेत्ररोग शिकण्यासाठी आलेले तरुण निवासी डॉक्टरही आपले शास्त्र बाजूला ठेवून श्वास कोंडलेल्या रोग्यांपुढे उभे राहिले. नातलगांना आत प्रवेश नसल्यामुळे रोग्याच्या अंतकाळी त्याचा हात धरणारा, त्याच्या मुलाला दूरध्वनीच्या पडद्यावर त्याचे दर्शन घडविणारा, आणि थोड्या वेळाने त्याच मुलाला मृत्यूची वार्ता सांगणारा, हे सर्व एकच मनुष्य असे. अशी वार्ता एका रात्रीत पाच-सहा वेळा सांगावी लागली तर सांगणाऱ्याचे काय होत असेल, याचा विचार टाळ्या वाजविणाऱ्यांपैकी फारच थोड्यांनी केला असावा. पाळी संपल्यावरही घरी जाणे सोपे नव्हते. वृद्ध आईबापांना आपल्यामुळे रोग होईल या धास्तीने कित्येक जण वसतिगृहात किंवा घराच्या एका बंद खोलीत महिनोन्महिने राहिले.

पुढे २०२१ चा उन्हाळा आला. एप्रिल-मे महिन्यांत देशात एका दिवसाला चार लाखांहून अधिक रुग्ण आढळू लागले. दिल्लीतील एका रुग्णालयात १ मे २०२१ रोजी प्राणवायूचा साठा संपल्याने बारा रोगी दगावले आणि त्यांत त्याच रुग्णालयातील एक ज्येष्ठ डॉक्टर होते. त्या दुसऱ्या लाटेत सातशेहून अधिक डॉक्टर मृत्युमुखी पडल्याचे भारतीय वैद्यक संघाने सांगितले. व्हेंटिलेटर एक आणि रोगी तीन, अशा वेळी तो कोणाला लावावा? इटलीतील भूलतज्ज्ञांच्या संघटनेने या भीषण प्रश्नाविषयी ६ मार्च २०२० रोजीच लेखी मार्गदर्शन प्रसिद्ध केले होते आणि प्रसंगी वयाची मर्यादाही घालावी लागेल असे त्यात म्हटले होते. त्यावर पुष्कळ टीका झाली. ते मार्गदर्शन योग्य की अयोग्य, हा वाद येथे बाजूला ठेवू. परंतु लेखी नियम असला म्हणजे निर्णयाचा भार एका माणसाच्या माथ्यावर पडत नाही, एवढे तरी खरे. आपल्याकडील कित्येक रुग्णालयांत मध्यरात्री हा निर्णय पंचवीस-सव्वीस वर्षांच्या निवासी डॉक्टरने एकट्याने घेतला आणि सकाळी त्याचे उत्तर नातलगांना त्यानेच दिले.

या क्लेशांना पाश्चात्त्य मानसशास्त्राने दोन निरनिराळी नावे दिली आहेत. पहिले 'बर्नआउट'. हर्बर्ट फ्रॉइडेनबर्गर या मानसशास्त्रज्ञाने १९७४ साली ते रूढ केले. थकवा, कामाविषयी व माणसांविषयी येणारा दुरावा, आणि आपल्या हातून काही धड होत नाही ही भावना, अशी त्याची तीन लक्षणे सांगतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली त्याला आपल्या वर्गीकरणात स्थान दिले, परंतु रोग म्हणून नव्हे, तर कामाच्या ठिकाणातून उद्भवणारी अवस्था म्हणून. हा भेद महत्त्वाचा आहे. दोष कोठे शोधावयाचा ते त्यावरून ठरते. या शब्दाचा मराठी अनुवाद करणे मात्र कठीण. 'जळणे' म्हटले तर मराठीत मत्सर सूचित होतो. प्रस्तुत लेखकाला संस्कृतातील 'स्नेह' हा शब्द येथे उपयोगी पडेल असे वाटते. स्नेह म्हणजे तेल आणि स्नेह म्हणजे माया. तेल सरलेला दिवा जसा आधी काजळी धरतो व मग विझतो, तसा हा मनुष्य आधी रोग्यांवर खेकसू लागतो, त्यांना नावाने न ओळखता खाटेच्या क्रमांकाने ओळखू लागतो, आणि मग विझतो. ज्याला आपण 'माणुसकी नसलेला डॉक्टर' म्हणतो, त्याच्यापैकी काही जण असे स्नेहक्षय झालेले असतात. सर्वच असतात असे नाही. काही मुळातच कठोर असतात, हेही सांगितले पाहिजे.

दुसरे नाव आहे 'मॉरल इंजरी', म्हणजे नैतिक आघात. ते युद्धभूमीवरून आले. जोनाथन शे या अमेरिकन मनोवैद्याने व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांवर उपचार करताना होमरच्या महाकाव्याचा आधार घेतला व १९९४ साली या विषयावर ग्रंथ लिहिला. जे करावयास नको होते ते हातून घडले, किंवा जे करावयास हवे होते ते परिस्थितीने करू दिले नाही, यातून अंतःकरणाला जी जखम होते ती ही. थकवा झोपेने जातो. ही जखम झोपेने जात नाही, उलट झोपेतच ती जागी होते. प्राणवायू नव्हता म्हणून डोळ्यांदेखत गेलेला रोगी स्वप्नात परत येतो.

ग्रीक महाकाव्यात त्या मनोवैद्याला जे सापडले, ते आपल्या महाकाव्यातही आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायात अर्जुन स्वतःविषयी बोलताना आपला स्वभाव 'उपहत' झाला आहे असे म्हणतो. उपहत म्हणजे ज्यावर आघात झाला आहे असा. 'आघात' आणि 'उपहत' हे दोन्ही शब्द हन् या एकाच धातूपासून आले आहेत. अनेक अनुवादांत या शब्दाचे भाषांतर 'झाकोळलेला', 'मोहित झालेला' असे सैल केले जाते, आणि त्यामुळे अर्जुनाला केवळ भ्रम झाला होता अशी समजूत होते. अर्जुन जखम म्हणतो, भ्रम म्हणत नाही. पहिल्या अध्यायात तर त्याने आपली देहलक्षणेही सांगितली आहेत: गात्रे गळाली, तोंडाला कोरड पडली, कंप सुटला, त्वचेचा दाह होऊ लागला, हातातून धनुष्य गळू लागले, मन भोवंडले, उभेही राहवेना. आजचा मनोवैद्य ही लक्षणे ऐकून क्षणभरही थांबणार नाही, एवढी ती ओळखीची आहेत. आणि हा मनुष्य भित्रा नव्हता. त्याच्याहून शूर असा त्या दोन्ही सैन्यांत कोण होता?

यापुढे काय घडते ते बारकाईने पाहण्याजोगे आहे. श्रीकृष्णाने प्रथम त्याला दोन श्लोकांत कठोर शब्द सुनावले. हे श्लोक व्याख्यानांतून फार उद्धृत होतात. खचलेल्या माणसाला उठविण्याचा हाच मार्ग, असे पुष्कळांना वाटते. परंतु त्या शब्दांचा परिणाम काय झाला? काहीही नाही. अर्जुनाने आपली व्यथा पुन्हा अधिक खोलात जाऊन मांडली, मी लढणार नाही असे सांगितले आणि तो मुका झाला. धिक्काराने विषाद गेला असता तर गीता तेथेच संपली असती. त्यानंतर भगवंतांनी जे केले ते वेगळे होते. दोन्ही सैन्यांच्या मध्यभागी रथ उभा होता, शंख वाजून गेले होते, आणि तरीही त्यांनी एका माणसाचे दुःख हा त्या क्षणाचा मुख्य विषय केला. प्रश्नांवर प्रश्न होऊ दिले. अखेरीस, सर्व विचार करून तुला इच्छा होईल तसे कर, असे म्हणून निर्णय त्याच्यावर सोपविला. आपल्या रुग्णालयांच्या अधिकाऱ्यांपैकी कितींनी आपल्या हाताखालच्या डॉक्टरसाठी घटकाभर रथ थांबविला असेल? 'आमच्या वेळी आम्ही याहून अधिक सोसले' हे वाक्य मात्र वैद्यकीय महाविद्यालयांत पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येत आहे.

ज्या डॉक्टरला वाटते की रोगी माझ्यामुळे गेला, त्याच्यासाठी गीतेच्या अठराव्या अध्यायातील कारणमीमांसा मोलाची आहे. कोणतेही कर्म घडते त्याला पाच कारणे असतात, असे तेथे सांगितले आहे: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधने, नाना प्रकारच्या चेष्टा, आणि पाचवे दैव. असे असता जो केवळ स्वतःलाच कर्ता मानतो त्याची दृष्टी शुद्ध नव्हे. आपण हा उपदेश अहंकार घालविण्यासाठी, म्हणजे यशाच्या प्रसंगी वाचतो. तो अपयशाच्या प्रसंगी अधिक उपयोगी आहे. प्राणवायूची नळी कोरडी पडली तर वैद्याचे ज्ञान व हात काय करणार? 'सगळे माझ्यामुळे झाले' हाही एक कर्तृत्वाचा अभिमानच आहे, मात्र तो स्वतःलाच पोळणारा असल्याने आपण त्याला अभिमान म्हणून ओळखत नाही.

येथे एक शंका येईल. पाच कारणे सांगून आपण सर्वांनाच दोषमुक्त करीत नाही काय? तसे नाही. अधिष्ठान आणि करण ही काही आकाशातून पडत नाहीत. खाटा किती, परिचारिका किती, प्राणवायूची टाकी केव्हा भरावी, हे कोणीतरी ठरवीत असतो. चरकसंहितेच्या विमानस्थानात 'जनपदोद्ध्वंसनीय' नावाचा एक अध्याय आहे. गंगेच्या तीरावर शिष्यांसह फिरत असता आत्रेय मुनी अग्निवेशाला सांगतात की साथ येण्याची चिन्हे दिसत आहेत, तरी भूमी निःसत्त्व होण्यापूर्वीच औषधी गोळा करून ठेव. मगच ते वायू, जल, देश व काल दूषित झाल्याने जनपदे कशी उद्ध्वस्त होतात ते विवरण करतात, आणि त्याचे मूळ अधर्मात, राज्यकर्त्यांच्या व अधिकाऱ्यांच्याही अधर्मात, असल्याचे सांगतात. या मीमांसेतील सर्वच भाग आज कोणी शब्दशः घेणार नाही. पण आधी साठा, मग सिद्धान्त, हा त्या संवादाचा क्रम ध्यानात ठेवण्याजोगा आहे.

आता कर्मफलाच्या त्या प्रसिद्ध श्लोकाविषयी. २०२० साली दिल्लीतील महापालिकेच्या काही रुग्णालयांत डॉक्टरांना महिनोन्महिने वेतन मिळाले नव्हते. डॉक्टरांच्या वेतनाचा व राहण्याच्या व्यवस्थेचा प्रश्न त्याच वर्षी जून महिन्यात सर्वोच्च न्यायालयापुढे आला, तेव्हा न्यायालयाला युद्धाचीच उपमा आठवली: युद्ध चालू असता सैनिकांना असंतुष्ट ठेवू नये, अशा आशयाचे उद्गार न्यायमूर्तींनी काढले. पण आपल्या समाजात वेतन मागणाऱ्या डॉक्टरला 'सेवा निष्काम असावी' असे ऐकविणारेही होते. हा त्या श्लोकाचा विपर्यास आहे. कर्माचे फल म्हणजे येथे रोगी बरा होणे वा न होणे, कीर्ती वा अपकीर्ती; मासिक वेतन हे ज्याच्याकडून येणे आहे त्याचे ते ऋण आहे, आणि ऋण बुडविणाऱ्याने धनकोला अनासक्तीचा उपदेश करावा यासारखा विनोद नाही. निष्कामता हा स्वतःच्या अंतःकरणाचा धर्म आहे. तो दुसऱ्याकडून वसूल करता येत नाही.

तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी अर्जुनाला 'विगतज्वर' होऊन लढ असे सांगितले आहे. शंकराचार्यांनी तेथे ज्वर म्हणजे संताप, शोक असा अर्थ दिला आहे. मनाच्या तापालाही प्राचीनांनी ज्वर हाच शब्द लावला, याचे अनुवादकाला कौतुक वाटते. कारण ज्वर म्हटला की लाज वाटत नाही. अंगात ताप असलेल्या डॉक्टरला कोणी भ्याड म्हणत नाही, आणि त्याला कामावरून घरी पाठविण्यातही कमीपणा नसतो. मनाच्या ज्वराला मात्र लपवावे लागते. न्यूयॉर्कमधील तातडीच्या विभागाच्या प्रमुख डॉ. लॉर्ना ब्रीन या स्वतः कोविडने आजारी पडून पुन्हा कामावर रुजू झाल्या होत्या. २६ एप्रिल २०२० रोजी त्यांनी आपले जीवन संपविले. मनोविकाराचे उपचार घेतले हे उघड झाले तर आपला वैद्यकीचा परवाना जाईल अशी धास्ती त्यांना होती, असे त्यांच्या कुटुंबीयांनी पुढे सांगितले. त्यांच्याच नावाचा कायदा अमेरिकेत मार्च २०२२ मध्ये झाला. त्यात वैद्यकीय सेवकांच्या मानसिक आरोग्यासाठी व अशी मदत घेण्यातील संकोच दूर करण्यासाठी तरतूद आहे. आपल्या देशात १० ऑक्टोबर २०२२ पासून 'टेलिमानस' ही सरकारी सेवा सुरू झाली असून १४४१६ या क्रमांकावर कोणालाही, अर्थात डॉक्टरलाही, विनाशुल्क बोलता येते. रात्री तीन वाजता पाळीवरून परतलेल्या आणि कोणाशी बोलावे ते न कळणाऱ्या तरुणाला हा क्रमांक माहीत असावा म्हणून तो येथे मुद्दाम दिला आहे.

राहता राहिला निद्रेचा प्रश्न. संकटात घड्याळ पाहू नये, हा आक्षेप पुष्कळ सज्जन घेतात. आपद्धर्म आपल्या शास्त्रांनाही मान्य आहे. महाभारताच्या शान्तिपर्वात त्यावर स्वतंत्र प्रकरणच आहे. परंतु आपद्धर्म आपत्तीपुरताच असतो. निवासी डॉक्टरांची छत्तीस-छत्तीस तासांची पाळी कोविडने आणलेली नाही; ती आधीपासून चालत आली होती. महामारीत तिच्यावर आणखी एक भार पडला. २०२१ च्या एप्रिलमध्ये व्हावयाची पदव्युत्तर प्रवेशपरीक्षा लांबत सप्टेंबरात झाली आणि पुढे आरक्षणासंबंधीच्या न्यायालयीन वादामुळे प्रवेशप्रक्रिया जानेवारी २०२२ मध्ये सुरू झाली. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात एका वर्षाचे विद्यार्थी आलेच नाहीत, म्हणजे तीन तुकड्यांचे काम दोन तुकड्यांनी ओढले. डिसेंबर २०२१ मध्ये दिल्लीचे निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले ते याच कारणाने.

जो अतिशय जागतो त्याला योग साधत नाही, हे सहाव्या अध्यायात स्पष्ट सांगितले आहे, आणि सतराव्यात तर देहाला पिळून काढणाऱ्या अशास्त्रीय तपाला आसुरी म्हटले आहे. पण याहून बोलका प्रसंग द्रोणपर्वात आहे. युद्धाच्या चौदाव्या दिवशी सूर्यास्तानंतरही लढाई चालूच राहिली. मध्यरात्र उलटली, सैनिकांच्या डोळ्यांवर झापड आली, आपला कोण व परका कोण हे अंधारात कळेना, आणि झोपेने आंधळे झालेले लोक आपल्याच माणसांवर शस्त्र चालवू लागले. तेव्हा अर्जुनाने मोठ्याने सांगितले की तुम्ही सर्व थकला आहात, येथेच रणभूमीवर घटकाभर झोपा. चंद्र उगवला म्हणजे पुन्हा लढू. कौरवांनीही ते मान्य केले. कोणी घोड्याच्या पाठीवर, कोणी रथात, कोणी हत्तीच्या स्कंधावर, कोणी उघड्या भूमीवर झोपले, आणि शत्रुपक्षाच्या सैनिकांनीसुद्धा अर्जुनाला आशीर्वाद दिले. ज्याने आपला विषाद उघड बोलून दाखविला होता, त्यालाच त्या रात्री इतरांचा थकवा दिसला.

केंद्र सरकारच्या ५ जून १९९२ च्या निर्देशात निवासी डॉक्टरांचे सलग काम सामान्यतः दिवसाला बारा तासांहून व आठवड्याला ४८ तासांहून अधिक नसावे, असे नमूद आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने नेमलेल्या कृतिदलाने २०२४ साली आपला अहवाल दिला. त्यासाठी केलेल्या पाहणीत उत्तरे देणाऱ्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांपैकी सुमारे ३१ टक्क्यांनी आपल्या मनात आत्मघाताचे विचार येऊन गेल्याचे सांगितले. अशा पाहणीत ज्याला दुखते तोच अधिक बोलतो, हे गृहीत धरले तरी आकडा लहान होत नाही. त्या कृतिदलाने आठवड्याला एक सुटी, रोज सात-आठ तास झोप आणि कामाची मर्यादा ७४ तास असावी अशी शिफारस केली आहे. १९९२ साली जी मर्यादा ४८ तासांची होती ती ७४ वर गेली, आणि तरीही ज्या तरुणांसाठी ती सुचविली आहे त्यांच्यापैकी अनेकांना तो दिलासाच वाटला.